दाण्यावरची बुरशी ओळखताना

पेण, अलिबाग, उरणच्या खारेपाटात भाताची पेरणी रहू करून होते. बियाणं भिजवायचं, पाणी निथळू द्यायचं, पेंढ्यात किंवा गोणपाटात दाबून उबेला ठेवायचं आणि मोड आले की चिखलणी केलेल्या खाचरात फेकायचं. पावसाने जमिनीतला खार धुऊन निघतो, तेवढ्या मुदतीत रोप उभं राहावं म्हणून ही घाई. गोणपाट उघडलं की मोडांच्या मध्येमध्ये काही दाणे न उगवता पडलेले दिसतात. त्यांच्यावर पांढरी, राखाडी, कधी हिरवट-काळी लव चढलेली असते. हे पुस्तक त्या लवेविषयी आहे.

बियाण्याचं आरोग्य तपासण्याची जी पद्धत जगभर सर्वांत जास्त वापरली जाते, ती मुळात रहूच आहे. दाण्याला ओल द्यायची, ऊब द्यायची आणि थांबायचं. प्रयोगशाळेत फक्त दाणे एकमेकांपासून दूर ठेवतात, तापमान आणि उजेड ठरवून देतात, आणि शेवटी डोळ्यांच्या मदतीला सूक्ष्मदर्शक असतो. एवढ्याने फार मोठा पल्ला गाठता येतो. गोणपाटात नुसतं ‘बुरशी आली’ असं म्हणता येतं. काचेच्या बशीत त्या बुरशीचं नाव सांगता येतं. नाव कळलं की ती राबात रोपं मारणार, पोटरीतली लोंबी कुजवणार, साठवणीत दाणा विषारी करणार की नुसतीच दाण्याच्या सालीवर बसून राहणार, हेही कळतं.

नुसत्या नजरेने बियाणं पारखायची आपली रीत टाकाऊ नाही. कोकणात वर्षानुवर्षं शिफारस होत आलेला मीठपाण्याचा उपाय त्याच रितीचा पुढचा टप्पा आहे: १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवायचं, त्यात बियाणं ओतायचं, तरंगणारे पळींज दाणे काढून टाकायचे, बुडालेलं बियाणं स्वच्छ पाण्याने धुऊन वाळवायचं आणि मग बुरशीनाशक चोळायचं. रोगाने पोकळ झालेले पुष्कळसे दाणे यात निघून जातात. पण भरलेल्या, सोनेरी, टपोऱ्या दाण्याच्या तुसाखालीही बुरशीचे तंतू सुप्त असू शकतात. असा दाणा पाण्यात बुडतो, हातात चांगला लागतो आणि राबात जातो. त्याच्यासाठी बुरशीला वाढू देणं हाच पारखण्याचा मार्ग आहे.

तो मार्ग नवख्या वाचकाने एकदा सविस्तर पाहावा. भातासाठी ४०० दाण्यांचा नमुना घेतात. नऊ सेंटिमीटरच्या पेट्री प्लेटमध्ये ओल्या टीपकागदाचे तीन थर घालून त्यावर २५ दाणे मांडतात: बाहेरच्या वर्तुळात १६, आतल्यात ८ आणि मधोमध १. प्लेटा साधारण २० ते २२ अंश सेल्सियसला ठेवतात आणि रोज बारा तास निकट-अतिनील प्रकाश, बारा तास अंधार असा क्रम चालवतात. हा प्रकाश महत्त्वाचा. ओरेगॉनमध्ये चार्ल्स लीच यांनी १९६०च्या दशकात दाखवून दिलं की अनेक बुरश्या या प्रकाशाच्या चेतावणीनेच बीजाणू धरतात. एरवी त्या नुसत्या तंतूंच्या रूपात वाढत राहतात, आणि नुसत्या तंतूंवरून सहसा नाव सांगता येत नाही. आठव्या दिवशी प्लेट स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली येते.

त्या दिवशी दिसतं ते मुद्दाम लिहितो, कारण हा विषय ज्याला आवडतो त्याला इथेच आवडतो. एका दाण्यावर तपकिरी ताठ काड्यांचं विरळ रान उभं असतं. प्रत्येक काडीवर थोडे लांबट, मध्ये फुगीर, किंचित वाकलेले बीजाणू असतात आणि त्यांत सहा ते चौदा आडपडदे असतात. ही बायपोलॅरिस ओरायझी, तपकिरी ठिपक्यांच्या रोगाची बुरशी. शेजारच्या दाण्यावरचे बीजाणू आखूड, तीन आडपडद्यांचे, आणि त्यांतला एक पेशीभाग इतरांहून मोठा, त्यामुळे बीजाणू कोपरात वाकल्यासारखा. ही कर्व्हुलारिया लुनाटा. तिसऱ्यावर पांढरी पीठासारखी वाढ, आणि नीट पाहिलं तर सूक्ष्म बीजाणूंच्या नाजूक माळा. हे फ्युजॅरियम. काचपट्टी करून मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली नेताना त्या माळा तुटतात, म्हणून त्या दाण्यावरच पाहून घ्याव्या लागतात. कुठे लांब चोचीचे बीजाणू दिसतात आणि पुष्कळदा खालच्या कागदावर गुलाबीसर छटा उतरलेली असते. ती अल्टरनारिया पॅडविकी. कुठे नायग्रोस्पोराचे काळेभोर चकचकीत मणी. करप्याच्या पिरिक्युलारियाचे नासपतीच्या आकाराचे, तीन पेशींचे बीजाणू मात्र शोधावे लागतात. त्यांचा राखाडी विरळ झुबका घाईत नजरेतून सुटतो.

इथपर्यंत पोचायला शास्त्राला दोन शतकं लागली. रोग बियाण्यातून जातो हे फ्रान्समध्ये मात्यू तिये यांनी १७५५ मध्ये गव्हाच्या काणीवरील प्रयोगांतून दाखवलं. ती काळी भुकटी सजीव बुरशी आहे हे मात्र त्यांना कळलं नव्हतं. बियाणं तपासणारी पहिली प्रयोगशाळा फ्रीडरिश नोबे यांनी १८६९ मध्ये सॅक्सनीतल्या थारांटला काढली. रॉबर्ट कोख यांच्या प्रयोगशाळेत १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला फॅनी हेस यांच्या सूचनेवरून आगर वापरात आला, १८८७ मध्ये युलियुस पेट्री यांची बशी आली, आणि बुरशीची शुद्ध वसाहत वाढवणं कुणाच्याही आवाक्यात आलं. आंतरराष्ट्रीय बीज परीक्षण संघटना १९२४ मध्ये स्थापन झाली. तिच्यासाठी नेदरलँड्सच्या लुसी डॉयर यांनी १९३८ मध्ये बीजजन्य रोग ओळखण्याची पुस्तिका लिहिली, ती या शाखेतली पहिली मोठी मार्गदर्शिका. पुढे डेन्मार्कच्या पॉल नेरगार्ड यांनी विकसनशील देशांसाठी बीज-रोगशास्त्राची संस्था कोपनहेगनला १९६७ मध्ये उभी केली. आपल्या देशातले कितीतरी बीज-रोगतज्ज्ञ तिथे शिकून आले. नेरगार्ड आणि साद यांचा भाताच्या बीज-परीक्षणावरचा पायाभूत निबंध १९६२ मध्ये ‘इंडियन फायटोपॅथॉलॉजी’ या भारतीय नियतकालिकातच प्रसिद्ध झाला, हे आपल्या विद्यार्थ्यांना सांगायला हवं. भातासाठीच्या या पद्धतीची मांडणी आपल्याच देशातल्या नियतकालिकातून जगापुढे आली.

या क्षेत्रात दोन घराणी आहेत, आणि त्यांच्यातला मतभेद समजला की निम्मा विषय समजतो. एक टीपकागदाचं घराणं. त्याचं म्हणणं, बुरशी तिच्या दाण्यावर जशी नैसर्गिकपणे उभी राहते तशीच पाहा. बीजाणूंच्या काड्या कशा उगवतात, झुबका कसा दिसतो, ही तिची खरी ठेवण. दुसरं आगराचं घराणं. उत्तर आयर्लंडमध्ये मस्केट आणि मॅलोन यांनी १९४१ मध्ये जवसाच्या बियाण्यासाठी माल्ट आगर वापरून त्याचा पाया घातला. बियाणं बहुधा सोडियम हायपोक्लोराइटच्या सौम्य द्रावणात बुडवून वरचे बीजाणू मारायचे, मग आगरावर मांडायचं आणि वसाहतीचा रंग, पोत, वाढीचा वेग, पालथ्या बाजूचा रंग यांवरून ओळखायचं. सरावलेला माणूस प्लेट उपडी करून क्षणात नाव सांगतो. पण आगर हे खाद्य आहे, आणि जो वेगाने खातो तो जिंकतो. रायझोपस दोन-तीन दिवसांत अख्खी प्लेट व्यापतो. पर्णकोष कुजव्या रोगाचं सॅरोक्लॅडियम ओरायझी हळूहळू वाढतं. ते रायझोपसखाली गाडलं जातं आणि अहवालात ‘आढळले नाही’ असं लिहिलं जातं. अशा चुका टाळण्यासाठीच वेगवेगळी निवडक माध्यमं निघाली, टीपकागदावरचे दाणे मध्येच एक रात्र उणे २० अंशांत गोठवून मोडांची वाढ थांबवायची रीत निघाली, कडधान्यांसाठी २,४-डी मिसळलेला टीपकागद निघाला.

माझं मत स्पष्ट सांगतो. प्लेटमध्ये दिसते ती बुरशीची वागणूक असते, आणि वागणूक परिस्थितीवर ठरते. बटाटा-डेक्स्ट्रोज आगरावर गर्द जांभळं दिसणारं फ्युजॅरियम दुसऱ्या माध्यमावर फिकट पांढरं राहतं. पेनिसिलियमच्या अभ्यासात जॉन पिट यांनी १९७९ मध्ये हे तत्त्व शिस्तीत बसवलं: ठराविक माध्यमं, ५, २५ आणि ३७ अंश ही ठराविक तापमानं, सात दिवस, आणि मग वसाहतीचा व्यास मोजायचा. म्हणून ज्या नोंदीत माध्यम, तापमान, प्रकाश आणि दिवस लिहिलेले नाहीत ती नोंद, नाव कितीही बरोबर असलं तरी, दुसऱ्याला पडताळून पाहता येत नाही. कोकणातल्या प्रयोगशाळेत याला आणखी धार येते. जुलैत वीज गेली की २२ अंशांची पेटी दोन तासांत २९ अंशांवर जाते, हवेत बीजाणूंची गर्दी असते, आणि नजरेला न दिसणाऱ्या कोळी-किडी एका प्लेटमधून दुसरीत फिरत पायांबरोबर बीजाणू नेतात. शुद्ध वसाहतीत अचानक रेघेने उमटलेले परके ठिपके दिसले, तर आधी त्या किडी शोधाव्यात.

नावांचा इतिहास हा या विषयातला सर्वांत अवघड आणि सर्वांत बोधक भाग. जर्मनीचे वोलेनवेबर आणि त्यांचे सहकारी राइनकिंग यांनी १९३५ च्या ग्रंथात फ्युजॅरियमचे बारीक-बारीक भेद करून अनेक प्रजाती, उपप्रकार मांडले. त्यानंतर दहा वर्षांत अमेरिकेत स्नायडर आणि हॅन्सन यांनी एकाच बीजाणूपासून वाढवलेल्या वसाहतींत किती फरक पडतो हे दाखवून सगळं नऊ प्रजातींत आटोपलं. मग पुन्हा गेर्लाख आणि नीरेनबर्ग यांच्यासारख्यांनी भेद मांडायला सुरुवात केली, आणि आता डीएनएने ते आणखी वाढवले. याचा फटका आपल्या नोंदींना बसतो. जुन्या अहवालांत भाताच्या दाण्यावर ‘फ्युजॅरियम मोनिलिफॉर्मे’ असं नाव ठायी ठायी येतं. आजच्या हिशेबाने त्यात फुजिकुरोई, व्हर्टिसिलिऑइडिस, प्रोलिफेरॅटम अशा निदान तीन प्रजाती मिसळलेल्या असू शकतात. वसाहत जपून ठेवली असेल तर आजही सोडवणूक होते. नुसतं नाव छापलं असेल तर ती नोंद कायमची संदिग्ध राहते.

त्यातल्या फुजिकुरोईवर जरा थांबावंसं वाटतं, कारण तिची गोष्ट रायगडशी जुळते. राबात काही रोपं इतरांहून उंच, फिकट, काडीसारखी सुटतात आणि बहुतेक मरतात. तैवानमध्ये कुरोसावा यांनी १९२६ मध्ये ही बुरशी द्रव माध्यमात वाढवली, ती गाळून काढली आणि उरलेल्या पाण्यानेच रोपं तशी उंच होतात हे सिद्ध केलं. याबुता यांनी १९३५ मध्ये त्या द्रव्याला जिबरेलिन नाव दिलं. वनस्पतींचं एक मोठं संप्रेरक माणसाला असं बुरशीच्या संवर्धनातून सापडलं. कर्जतच्या भात संशोधन केंद्रातून १९९८ मध्ये आलेला सह्याद्री हा संकरित वाण आठवा. संकरित बियाणं तयार करताना मादी ओळीची लोंबी पोटरीतून पुरती बाहेर येत नाही. तिच्यावर जिबरेलिक आम्ल फवारावं लागतं, आणि ते आम्ल याच बुरशीच्या किण्वनातून तयार होतं. त्याच मादी ओळीची फुलं परागाच्या प्रतीक्षेत जास्त वेळ उघडी राहतात, म्हणून दाण्याच्या काणीचा धोकाही तिला जास्त. बीजोत्पादनाच्या खाचरात बुरशी अशी दोन्ही बाजूंनी उभी असते.

महाराष्ट्रात या अभ्यासाची परंपरा मोठी आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून काम करणाऱ्या उप्पल, पटेल आणि कामत यांनी १९३५ मध्ये ‘द फंगाय ऑफ बॉम्बे’ ही मुंबई इलाख्याच्या बुरश्यांची यादी सिद्ध केली. मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर यांनी १९४६ मध्ये पुण्यात उभ्या केलेल्या संस्थेत, आजच्या आघारकर संशोधन संस्थेत, एस. एल. आजरेकर यांच्या नावाचा बुरशी-नमुन्यांचा संग्रह आहे आणि राष्ट्रीय बुरशी संवर्धन संग्रहही तिथेच आहे. किनाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ चं. त्याच्या छत्राखाली कर्जतचं भाताचं केंद्र, पनवेलचं खार जमिनीचं केंद्र आणि रोह्याजवळ किल्ला इथलं कृषी विज्ञान केंद्र काम करतात. पनवेल-१, पनवेल-३ असे खार सोसणारे वाण पनवेलच्या केंद्रानेच दिले. वाण इथले, जमीन इथली, हवा इथली. बुरशीच्या ओळखीची पुस्तकं मात्र बहुतेक इंग्रजीत, आणि चित्रं दुसऱ्या हवामानात वाढलेल्या वसाहतींची.

आजच हे पुस्तक का, याची कारणं मला हवेत दिसतात. रायगडात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. तो जूनपासून सप्टेंबरपर्यंत शिस्तीत पडला तर हळवं, निमगरवं, गरवं भात आपापल्या वेळी कापून वाळतं. कापणीच्या दिवसांत, ऑक्टोबरात पाऊस आला की लोंब्या शेतातच भिजतात, दाण्यावर डाग पडतात आणि कर्व्हुलारिया, बायपोलॅरिस, अल्टरनारिया यांना दाण्यात शिरायला हवी ती संधी मिळते. नंतर घरात कणगीत ठेवलेलं बियाणं पुढच्या पावसाळ्यापर्यंत तगवायचं असतं. प्रमाणित भात बियाण्यात ओलावा १३ टक्क्यांहून जास्त नको असं आपलं मानक सांगतं. समुद्रकाठी जूनमध्ये हवाच इतकी दमट की उघड्यावरचा दाणा ती मर्यादा आपोआप ओलांडतो. अमेरिकेच्या मिनेसोटात क्लाइड क्रिस्टेन्सन यांनी शेतातल्या बुरश्या आणि साठवणीतल्या बुरश्या असा जो भेद केला, तो इथे घराघरात पाहायला मिळतो: दिवाळीत तपासलेल्या दाण्यावर शेतातल्या बुरश्या, आणि तेच बियाणं मृगात तपासलं तर ॲस्परजिलस, पेनिसिलियम.

ॲस्परजिलस फ्लेव्हसचा प्रश्न बियाण्यापुरता राहत नाही. तिच्या पिवळट-हिरव्या वसाहतींमागे अफ्लाटॉक्सिन आहे. १९७४ मध्ये राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल जिल्ह्यांत बुरसटलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसं दगावली, बहुतेक आदिवासी. ज्या वर्षी कापणीला पाऊस आला आणि घरात दुसरं धान्य नव्हतं, त्या वर्षी ही माणसं बुरसटलेलं धान्य खाऊन मेली, हे बियाण्याच्या अभ्यासकाने विसरू नये. वसाहत हिरवी आहे म्हणून ती विष करतेच असं नाही, या बुरशीच्या सगळ्या वाणांत ती क्षमता नसते. म्हणून नावाबरोबर विषाची वेगळी तपासणी लागते. पण प्लेटमध्ये ती दिसली की धोक्याची सूचना मिळालेली असते.

भातामागून येणाऱ्या पिकांचीही स्थिती तीच. भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर वाल येतो, त्याच्या शेंगांची पोपटी जिल्हाभर लागते, आणि वालाचं बी पुष्कळ ठिकाणी घरचंच असतं. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकनाने भाव आला, आणि त्याबरोबर बियाणं शुद्ध ठेवायची जबाबदारीही आली. कांद्याच्या बियाण्यावरचा काळा ॲस्परजिलस नायजर आणि जांभळ्या करप्याची अल्टरनारिया पोरी हे त्यातले दोन नेहमीचे सोबती. घरच्या बियाण्याचा अभिमान रास्त आहे. ते तपासायची सोय मात्र गावाजवळ असायला हवी, आणि ती अशक्यकोटीतली नाही: प्लेटा, टीपकागद, एक बरा स्टिरिओ मायक्रोस्कोप, आणि ओळखायला सरावलेली नजर. यातली नजर मिळवायला सर्वांत जास्त वेळ लागतो.

डीएनएच्या चाचण्या आल्यावर हे सगळं कशाला, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. २०१२ मध्ये बुरश्यांसाठी आयटीएस हा डीएनए-भाग ओळखखूण म्हणून स्वीकारला गेला. फ्युजॅरियममध्ये तो पुरत नाही, दुसरी जनुकं लागतात. २०१३ पासून एका बुरशीला एकच नाव हा नियमही लागू झाला, त्यामुळे पुस्तकातली कितीतरी जुनी नावं बदलली. हे सगळं हवंच आहे. तरीही डीएनए मेलेल्या बुरशीचाही सापडतो, आणि शेतकऱ्याला विचारायचं असतं ते हे, की माझ्या दाण्यातली बुरशी जिवंत आहे का आणि १०० दाण्यांत किती दाण्यांवर आहे. प्लेट हे दोन्ही सांगते, आणि पुढच्या डीएनए तपासणीसाठी शुद्ध वसाहतही देते.

या पुस्तकाने स्वतःला भात, वाल आणि कांदा एवढ्यापुरतं बांधून घेतलं आहे, ते योग्य केलं. प्रत्येक बुरशीची दाण्यावरची ठेवण आणि आगरावरची वसाहत शेजारी शेजारी ठेवली आहे, आणि प्रत्येक छायाचित्राखाली माध्यम, तापमान, प्रकाश, दिवस लिहिले आहेत. ज्या जोड्या नेहमी चकवतात, त्यांच्यासाठी जागा राखून ठेवली आहे. बायपोलॅरिसचा बीजाणू दोन टोकांच्या पेशींतून अंकुरतो आणि ड्रेक्स्लेराचा कुठल्याही पेशीतून, एवढ्या एका खुणेवर किती चुका टळतात ते तिथे कळेल. गव्हाच्या मोकळ्या काणीसारखी गर्भात बसणारी बुरशी प्लेटवर उगवत नाही. अशा रोगांची इथे अपेक्षा ठेवू नये. जिवाणू आणि विषाणूही इथे नाहीत.

वाचकाने पुस्तक मांडीवर घेऊन वाचण्यापेक्षा सूक्ष्मदर्शकाशेजारी उघडं ठेवावं. पहिल्यांदा आपल्याच गावातलं, वाण माहीत असलेलं बियाणं घ्यावं. खळ्यावरून आणलेलं आणि कणगीतलं, दोन्ही. पुस्तकातल्या चित्राशी न जुळणारी वसाहत दिसली तर जवळच्या नावात बसवण्याची घाई करू नये. तिच्यावर गावाचं नाव, वाण, तारीख, माध्यम आणि तापमान लिहावं, तिरप्या आगराच्या नळीत ती राखावी, एक वाळवलेली प्लेट पाकिटात ठेवावी, आणि पुण्याच्या संग्रहाकडे पाठवून द्यावी.